स्थानिक नाव

पहाटे साडेचारला आंबोलीकडचा टेम्पो येतो.
बर्फाखाली मासळी,
मासळीखाली डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून
माझ्यासाठी गवत.

हमाल हसतात.
दर्यासनं मागवतंय काय, तर गवत!
म्हशीला घालूलालैस काय, मास्तर?

मी मास्तर नाही.
कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या खोलीत
बावीस वर्षं काचपट्ट्या धुतो.
बेळगावातून समुद्र दिसत नाही.
मी त्यात गुडघ्यापर्यंत गेलोय, दोनदा.

गवत पाठवतो भिवा तांडेल.
ओहोटीला खाडीत उतरतो,
चिखलावर बांबूची चौकट मांडतो,
चौकटीत पानं किती, उघडी वाळू किती
ते मोजून फोन करतो.
एकच शब्द: "विरळ."
कधी नुसता श्वास, आणि मग: "विरळ."
मार्गशीर्षात एकदा म्हणाला,
"आज पिल्लांनी नुसतं वळवळतंय रे आत,"
आणि फोन ठेवायचा विसरला.
मी बराच वेळ पाणी ऐकत उभा होतो,
हातात ओला ब्रश.

शेवाळ नव्हे हे. याला मुळं आहेत,
फूल येतं, पाण्याच्या आतच, कुणी न बघता.
पान करंगळीच्या नखाएवढं.
टीपकागदात दाबून वर विटा ठेवल्या
की तिसऱ्या दिवशी हिरवा जातो
आणि कागदाच्या कडेला
मिठाची रेघ उमटते, भरतीच्या खुणेसारखी.

मग पट्टी घेऊन मी कॅम्पात, चंपाक्काच्या कट्ट्याशी.
पहिला महिनाभर तिनं हाकललं.
तिला वाटलं वजनमापवाले.
नंतर गिऱ्हाइकांना सांगायला लागली,
"बघा की, उंची मोजूलालाय,
पोरगी बघायला आल्यासारखं!"
आता तीच बारकी बारकी मासळी वेगळी काढते,
ॲल्युमिनियमच्या झाकणात.
"ही घे तुझी. असली विकायची लाज वाटते.
ह्यांनी अजून घरात असायचं."

घर म्हणजे ते गवत,
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

महिन्यातून दोनदा कारवारच्या गाडीनं
ललिता हरिकंत्र येते, पाठीवर फॉर्मांचं ओझं.
लांबी. वजन. कुठल्या खाडीतला.
आणि तळाला, एकच ओळ: स्थानिक नाव.

ललितानं लिहिलं: काणे.
मी म्हटलं, भिवा तर मुडदुशी म्हणतो.
आम्ही दोघं गप्प झालो.
या गावात पाटीवरच्या एका अक्षरासाठी
आठ-आठ दिवस दुकानं बंद राहिलीत.

चंपाक्कानं कोयता पाण्यात बुडवला.
"कन्नड बाई आली की काणे म्हणतो मी,
मराठी आली की मुडदुशी,
गोव्याची आली की मुडोशी.
मासा तोच. भाव तेवढा तोंड बघून.
लिही की सगळं, शाई संपूलालीय काय?"
ललितानं पट्टी ठेवून
त्या एका ओळीच्या तीन ओळी केल्या.
तिसरी कागदाबाहेर जात होती,
तिथं अक्षर बारीक काढलं.

त्याच दिवशीची गोष्ट.
मासा साफ करताना कल्ल्यात काही अडकलं होतं.
चंपाक्का फेकणार होती, थांबली.
अंगठ्यावर घेऊन उजेडात धरलं.
करंगळीच्या नखाएवढं, हिरवंच अजून.

"हे व्हय रे तुझं?"
हो.
"असलं मी आजवर गटारात टाकलं, बुट्टीच्या बुट्टी."
मी काही बोललो नाही.
"नाव काय ह्याचं?"

लॅटिन नाव मला पाठ आहे, दोन्ही शब्द.
पण तिनं ते विचारलं नव्हतं.
भिवा नुसतं गवत म्हणतो, ललिताची आई हुल्लु.
खाडीत ते कायमच होतं,
नाव ठेवायची कुणाला गरज पडली नाही.

चंपाक्कानं पान काट्यावर ठेवलं.
लाल आकडे शून्यावरच राहिले.
ती वाकून बघत राहिली,
जणू अजून थोड्या वेळात हलतील.

"पैसे नको ह्याचे," म्हणाली,
आणि पान माझ्या तळहातावर चिकटवलं.
मागं कुणीतरी काणे विचारत होतं.